मचाणावरची मराठी

हेमलताला मराठी येते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ती मूळची अल्मोड्याची, वाढली फरीदाबादला. अनुरागशी लग्न करून ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा त्या घरात भाषेचे दोन नळ होते. हिंदीचा नळ तिच्यासाठी. ती खोलीत आली की तो सुरू व्हायचा, ती गेली की बंद. मराठीचा नळ मायलेकांचा, आणि तो कुणी बंद करायच्या भानगडीत पडत नसे. तिला कुठं कळतंय, असं म्हणून तो तिच्या समोरच वाहत राहायचा.

सासूबाई, चंद्रप्रभाबाई, कराडकडच्या. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, त्यांच्या मागून त्या आल्या. सासरे गेले, त्या इथंच राहिल्या. पोळ्या लाटताना त्या ओव्या म्हणायच्या. जातं कधीच सुटलं होतं, पण लाटणं गोल फिरायला लागलं की ओठ आपोआप हलायचे.

परमुलखाच्या गं पाण्या, तुझी चव ओळखीना
जन्मभर पिते तरी, तहान गं भागेना

"मम्मीजी, इसका मतलब?" हेमलतानं लग्नानंतर लगेचच कधीतरी विचारलं होतं.

"कुछ नहीं बेटा. ऐसेइच. पुराना गाना है."

मग हेमलता विचारेनाशी झाली आणि ऐकत राहिली. आधी पाणी कळलं, मग तहान, मग जन्मभर. पहाडातल्या बायकाही गवत कापताना असंच काहीतरी गुणगुणतात, त्यामुळे शब्दांच्या आधी तिला त्यांतलं दुखणं ऐकू यायचं. आणि एका दुपारी चंद्रप्रभाबाई फोनवर बहिणीला म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय गं. पण आता घरात पाय मोकळे सोडून बसता येत नाही." हे अख्खं वाक्य हेमलताला दारापाशी उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्याचं कपाट चुकून उघडावं तसं तिला झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मम्मीजी, मला तुमचं बोलणं कळलं? आज नको, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता उद्याच्या पोटात आणखी चार वाक्यं साठायची. तिच्या माहेरच्यांनी दिलेल्या साडीबद्दल. भट्टच्या, म्हणजे पहाडी काळ्या सोयाबीनच्या, डाळीच्या वासाबद्दल. जितकं जास्त ऐकलं तितकं सांगणं अवघड होत गेलं, आणि आता तर ते अशक्यच होतं. ती त्या न कळण्याच्या आत राहत होती. बाहेर यायचं तर भिंत फोडूनच यावं लागलं असतं.

फक्त जंगलात तसं नव्हतं. दिल्लीच्या दक्षिण टोकाला, तुघलकाबादच्या पलीकडं, अरावलीच्या टेकड्यांत अभयारण्य आहे. तिथल्या रोपवाटिकेत ती काम करायची. नोएडातली ऑफिसची नोकरी सोडून तिनं हे धरलं होतं. तिथं कुणी तिच्यासाठी भाषा बदलत नसे. नीलगाय सगळ्यांकडं एकाच नजरेनं बघते.

आणि आज त्यांनी मराठी तिथंही आणली होती.

*

फेब्रुवारी सरत आला होता. रविवारी सकाळी अनुरागच म्हणाला, "चलो, आज तुम्हारा जंगल देखते हैं. आई भी आएगी." हेमलताला आनंद झाला आणि त्या आनंदाच्या कडेला एक खडा लागला. लग्नानंतर इतक्यांदा बोलावूनही तो कधी आला नव्हता. दर वेळी फाइल असायची, नाहीतर मॅच.

टॅक्सीत चंद्रप्रभाबाई पुढं बसल्या. मांडीवर डबा, डब्यात थालीपीठं. गेटपाशी उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून चहूकडं पाहिलं. खडक, खुरटी झाडं, बाभळीसारखे काटेरी कीकर, धुळीची पिवळी वाट.

"हे जंगल होय?" त्या मुलाला म्हणाल्या. "आमच्याकडं याला माळ म्हणतात आणि शेरडं सोडतात."

"आई, हळू."

"का? तिला कळतंय होय?" आणि लगेच मागं वळून गोड आवाजात, "हेमा बेटा, बहुत सुंदर है. हवा भी अच्छी."

हेमलता हसली. हे हसू तिनं पुष्कळ घासून गुळगुळीत केलं होतं.

वनरक्षक दिलीप बरोबर आला. आठवडाभर त्या भागात बिबट्या फिरतोय, त्यामुळं कुणालाही एकटं आत सोडत नाहीत, असं तो म्हणाला. त्याच्या हातात काठी, खांद्याला वायरलेस. पहिल्या वळणावर मोरांची पिसं सांडलेली होती. चंद्रप्रभाबाईंनी एक उचललं, कपाळाला लावलं आणि दिलीपनं नको म्हटल्यावर निमूट खाली ठेवलं.

रोपवाटिकेपाशी हेमलता थांबली. काळ्या पिशव्यांत टीचभर रोपं ओळीनं उभी होती. "ये धौ है," ती म्हणाली. "यहाँ का असली पेड़." धौची बहुतेक बी पोकळ निघते, मूठभर पेरावी तेव्हा एखादं रोप येतं. इथं दोन हिवाळे काहीच आलं नव्हतं. मागच्या पावसात पहिल्यांदा आलं. येत्या पावसात ती रोपं जुन्या खाणीच्या उतारावर लावायची होती. जिथून दगड आणि माती नेऊन नेऊन दिल्लीनं नुसता खड्डा ठेवला होता, तिथं.

चंद्रप्रभाबाई वाकल्या. दोन बोटांत पान धरून त्यांनी ते उन्हाकडं केलं. "धावड्याचा भाऊबंद दिसतोय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि त्यांचा चेहरा क्षणभर कुठल्या तरी डोंगरावर जाऊन आला. मग हेमलताला त्यांनी विचारलं, "बड़ा होने को कितना टाइम लगता?"

"बीस-पच्चीस साल, मम्मीजी. धीरे बढ़ता है."

"ऐक," त्या मुलाला म्हणाल्या. "हिचं वीस-पंचवीस वर्षांचं हाय इथं. मला तेवढं आयुष्य तरी हाय का?"

अनुराग रोपांकडं न बघता बुटाच्या टाचेनं माती उकरत राहिला. तेव्हा हेमलताच्या आनंदातला तो खडा थोडा मोठा झाला.

*

मचाण लोखंडी होतं. खाली एक तळं, खाणीच्या खड्ड्यात साचलेलं निळं पाणी, त्यावर झुकलेला खडक. ती तिघं वर चढली, एवढ्यात दिलीपचा वायरलेस खरखरला. त्यानं ऐकलं आणि मान वर केली.

"मैडम, तेंदुए ने उधर बकरी मारी है, रास्ते के पास ही. आप लोग ऊपर ही रहना. मैं दूसरे ग्रुप को निकालकर आता हूँ. और बात मत करना."

जिन्याच्या पायथ्याशी जाळीचं दार होतं, माकडं वर चढू नयेत म्हणून. ते ओढून घेऊन त्यानं बाहेरून कडी लावली आणि तो झाडांत दिसेनासा झाला.

तळ्यावर ऊन हळूहळू सरकत होतं. पलीकडच्या काठावर पळसाला कळ्या आल्या होत्या, काळ्या मखमली. हेमलतानं दुर्बीण डोळ्यांना लावली. तिच्या मागं, हातभर अंतरावर, चंद्रप्रभाबाईंनी कुजबुज सुरू केली. दिलीपनं बोलू नका सांगितलं होतं ते त्यांच्या हिशेबी हिंदीला लागू होतं.

"सांगणार कधी तू तिला?"

"आई, आज नको यार. तिला आजचा दिवस तरी मिळू दे. त्यासाठीच तर आणलंय."

"आज नको, काल नको. ऑर्डर येऊन पंधरवडा झाला. मार्चअखेर क्वार्टर सोडायचं. सामान काय रस्त्यावर बांधणार? तुला जमत नसेल तर मी सांगते."

"तुझ्या हिंदीत? निम्मं कळेल तिला."

"निम्मं कळलं तरी पुरे. पुणे कळेल, चलो कळेल. आणखी काय लागतं?"

अनुराग नाकातल्या नाकात हसला. हेमलतानं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

तर बदली झाली होती. झाली म्हणजे मागून घेतली होती. पुढच्या दोन-तीन वाक्यांत तेही उलगडलं: दिवाळीतच अर्ज, ओळखीच्या साहेबांकडून शब्द, पुण्यात मावशीच्या सोसायटीत फ्लॅट बघून ठेवलेला. दिवाळी. त्यानंतरचा सगळा हिवाळा ती ह्याच रोपांना थंडी मारू नये म्हणून पोती पांघरत होती, आणि रात्री घरी आली की अनुराग तिचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळायचा. ते चोळणं खोटं नव्हतं. तिला हेच सोसेना.

"तिचं हे झाडांचं काम..." अनुराग म्हणाला. "बिचारी फार लावून घेते मनाला."

"झाडं काय, पुण्यात नाहीत?"

"तेच म्हणतो मी."

"नाहीच म्हणाली तर?"

अनुराग थोडा थांबला. मग अगदी मायेनं, जराही दुष्टपणा नसलेल्या आवाजात म्हणाला, "नाही कसली म्हणते? कुठं जाणार आहे ती?"

समोरच्या खडकामागून एक नीलगाय बाहेर आली. मोठा नर, पाटीच्या दगडासारखा रंग. तो पाण्याशी आला, मान खाली घातली आणि पाण्याला तोंड लावायच्या आधी कान एकेक करून चारी दिशांना फिरवले. हेमलतानं न बोलता बोट दाखवलं. सवयच ती, प्राणी दिसला की बरोबरच्याला दाखवायचा. तिघं कठड्याशी आली. खांद्याला खांदा लागला. तो नर पाणी प्यायला, आणि तेवढ्यापुरतं त्या लोखंडी फळीवर एकच घर होतं.

मग चंद्रप्रभाबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. खराखुरा, मऊ हात. आणि मुलाला म्हणाल्या, "बघ कशी रमलीय. हिला काय माहीत, बाई."

"मला माहीत हाय, आई."

हेमलताचं तोंड मराठी पहिल्यांदाच बोलत होतं. इतकी वर्षं ती भाषा नुसती कानांनी राहिली होती, आणि कान जे साठवतात तेच तोंड परत देतं: वाक्य आलं ते थेट कराडकडच्या हेलात, शेवटाला जरा लांबवलेलं. चंद्रप्रभाबाईंना वाटलं, आपणच काहीतरी बोललो.

नरानं मान उचलली आणि खुरांचा आवाज करत तो खडकामागं गेला.

"क्या?" अनुराग म्हणाला. "क्या बोली तुम?"

"मराठीत बोल," हेमलता म्हणाली. "मला समजतंय. दिवाळीपासनंचं सगळं आत्ता समजलं. त्याच्या आधीचं तेव्हा तेव्हाच समजलं होतं."

"कब से?"

"लग्नाला वर्ष व्हायच्या आधीपासनं."

चंद्रप्रभाबाई मचाणाच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. त्या मनानं मागं मागं जात होत्या, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. एकेक दुपार, एकेक फोन, एकेक चेष्टा उचलून त्या बघत होत्या, ही तेव्हा कुठं होती, ओट्यापाशी, की बाल्कनीत. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"चोरून ऐकत होतीस?" त्या म्हणाल्या. मराठीत. सुनेशी बोललेलं त्यांचं ते पहिलं मराठी वाक्य.

"चोरून कशाला? तुम्ही माझ्या समोरच बोलत होता."

"सांगायचं नाही का मग?"

"कसं सांगू? तुम्ही माझ्या आईच्या साडीला पायपुसणं म्हणाला होता. त्याच्यानंतर कसं सांगायचं असतं, तुम्हीच सांगा."

चंद्रप्रभाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

अनुराग पुढं झाला. "हेमा, सुनो. घर चलते हैं. हे सगळं इथं नको. बैठके बात करेंगे, बिल्कुल शांती से." हिंदीतून मराठीत, मराठीतून परत हिंदीत तो पाय ठेवत होता, पण ठेवावा तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. तो जिना उतरून खाली गेला. जाळीचं दार हलवल्याचा आवाज आला. दोनदा, मग जोरात. "दिलीपजी," त्यानं हाक मारली, आणि बिबट्या आठवून आवाज निम्म्यात गिळला. तो परत वर आला तेव्हा हातांना गंज लागला होता.

"मी येणार नाही," हेमलता म्हणाली.

"एक मिनिट. तू आधी ऐकून तर घे."

"ऐकलंय की. माझ्याइतकं ह्या घरात कुणी ऐकलं नसंल. पावसाळ्यात रोपं लावायची हायत. पुढची दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायचं. मी इथंच राहणार."

"कुठं? क्वार्टर जाणार आहे."

"बघीन. इथं जंगलाच्या कडेच्या गावात खोल्या मिळतात."

"आणि मी?"

"तू विचार ना मला. आत्तापर्यंत विचारलंच नाहीस. येशील का, असं विचार."

अनुरागनं विचारलं नाही. विचारलं तर काय उत्तर येईल ते त्यानं नुकतंच ऐकलं होतं, आणि न विचारलेल्या प्रश्नात अजून थोडी जागा उरते असं त्याला वाटलं असावं. तो कठड्याला टेकून उभा राहिला. गंजलेले तळवे पँटला पुसत राहिला.

"मला कुणी विचारलं होतं?" कोपऱ्यातून चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. पदर खाली आला होता. "ह्याचे वडील म्हणाले, सामान बांध. बांधलं. माझी आई मागं एकटी राहिली, ती गेल्याचं पत्र आलं तेव्हा बारावा होऊन गेला होता. ह्या गावात मी भाजीवाल्याशीसुद्धा मनातलं बोलले नाही कधी. आता मी माझ्या माणसांत जाते म्हटलं तर त्यात काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही," हेमलता म्हणाली. "तुम्ही जायलाच पाहिजे."

"मग?"

"मग तुम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून मला पण विचारायचं नाही, असं हाय का?"

तळ्यावर खंड्या आला, पाण्याला चाटून गेला. दूर कुठंतरी माकडं एकदम ओरडली आणि गप्प झाली. बिबट्या जागचा हलला असावा.

"मी एकटी पुण्याला जाणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ह्याला घेऊनच जाणार. ते तुला आत्ताच सांगते. वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाटणार. पण तुम्ही मला सांगितलंत. तोंडावर."

दोघींनी अनुरागकडं पाहिलं. तो काही बोलेल असं वाटलं. ओठ उघडलेही. पण आईशी बोलायचं ते बायकोला कळणार होतं, आणि बायकोशी बोलायचं ते आईला आधीपासूनच कळत होतं. आजवर त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता येत होतं. ह्या कानाला एक, त्या कानाला एक. आता मचाणाच्या चार हात फळ्यांवर सगळं उघड्यावर आलं होतं. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठ करून बसला आणि वाटेकडं बघत राहिला.

चंद्रप्रभाबाईंनी डबा उघडला. काही सुचलं नाही की त्या डबा उघडतात. थालीपीठाचा एक तुकडा मोडून त्यांनी हेमलताकडं केला, दुसरा मुलाकडं. त्यानं मान हलवली. हेमलतानं घेतला. भूक नव्हती, तरी घेतला. खाताना तिला जाणवलं की छातीवरचं ओझं हलकं झालेलं नाही, नुसतं सरकलंय.

चंद्रप्रभाबाई सवयीनं मुलाकडं वळल्या. काहीतरी हळूच सांगायला त्या त्याच्या कानाशी झुकल्याही. आणि तशाच थांबल्या. वाकलेली पाठ पुन्हा सरळ करायला त्यांना वेळ लागला.

"मार्चपर्यंत एकाच घरात हाय आपण," त्या हेमलताला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, शरमही ओसरली होती. उन्हात उभं राहून राहून दमलेल्या माणसाचा आवाज होता तो. "त्या घरात तेवढं एकच मोकळं होतं गं मला. माझं बोलणं. आता मी बोलायचं कुठं?"

माझ्याशी बोला, असं हेमलताच्या तोंडावर आलं होतं. पण मार्चनंतर ती कुणाच्याच घरात नसणार होती, हे तिनंच नुकतं ठरवलं होतं. तिनं तुकडा चावून गिळला आणि दुर्बीण सासूबाईंपुढं धरली.

चंद्रप्रभाबाईंनी ती घेतली नाही. खालचं दार अजून बाहेरून बंदच होतं. तिघंही वाटेकडं तोंड करून, एकमेकांना पूर्ण समजेल अशा शांततेत बसून राहिली.